घरगुती उबवणी यंत्र: उष्णतेचा, बाष्पाचा आणि वेळेचा हिशेब

१. प्रस्तावना

कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात. खुडूक बसलेली कोंबडी हे काम कोणत्याही उपकरणाशिवाय करते. ती अंड्यांना ऊब देते, चोचीने ती फिरवते आणि थोड्या वेळासाठी दाणापाण्याला उठून परत येते. उबवणी यंत्राला या तीनही गोष्टी कराव्या लागतात. थर्मोकोलचा खोका, बल्ब, पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे तबक एवढ्या सामानात असे यंत्र तयार होते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी या विषयाचे महत्त्व वेगळे आहे. १६२० च्या सुमारास कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने तापमान आपोआप राखणारी भट्टी केली आणि तेच तत्त्व अंडी उबवण्याच्या यंत्राला लावले. फीडबॅक नियंत्रणाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत त्याची गणना होते. मात्र या प्रयोगात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. बिघडलेले सर्किट पुन्हा जोडता येते, पण दहाव्या दिवशी मेलेला भ्रूण परत आणता येत नाही. म्हणून हिशेब आधी आणि अंडी नंतर.

या टिपणात दिल्ली परिसराच्या हवेची उदाहरणे घेतली आहेत. एकच खोका जानेवारी, मे आणि ऑगस्टमध्ये तीन निरनिराळ्या प्रकारे का वागतो, हा मुख्य प्रश्न आहे.

२. अंड्याच्या गरजा

| घटक | दिवस १ ते १८ | दिवस १९ ते २१ |
|---|---|---|
| तापमान (पंखा असल्यास) | ३७.५ °से. | ३७ ते ३७.५ °से. |
| सापेक्ष आर्द्रता | सुमारे ५०% | ६५ ते ७०% |
| अंडी फिरवणे | दिवसातून किमान ३ वेळा | पूर्ण बंद |
| हवेची भोके | थोडी उघडी | जास्त उघडी |

पंखा नसेल तर खोक्यात वर गरम आणि खाली थंड असे हवेचे थर होतात. अशा वेळी अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.५ °से. ठेवावे लागते. संगणकातील १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला की ही अडचण दूर होते.

दुकानातील अंडी उबत नाहीत. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. उबवणीची अंडी जिथे कोंबडा आणि कोंबड्या एकत्र आहेत अशा निरोगी कळपातून किंवा मान्यताप्राप्त केंद्रातून घ्यावीत. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुवू नयेत आणि टोकदार बाजू खाली करून थंड जागी ठेवावीत.

३. किती वॅट लागतील?

समजा खोका आतून ४० × ३० × ३० सेंमी असून थर्मोकोलची जाडी २.५ सेंमी आहे. भिंतींचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे ०.७५ चौ. मी. येते. थर्मोकोलची उष्णतावाहकता ०.०३५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरू.

प्रत्येक अंश फरकामागे गळती = ०.०३५ × ०.७५ ÷ ०.०२५ = १.०५ वॅट

- जानेवारीची रात्र, खोली १० °से.: फरक २७.५ अंश, म्हणून भिंतींतून २९ वॅट. बदलणारी हवा गरम करणे आणि पाण्याचे बाष्पीभवन यांसाठी आणखी ३ ते ४ वॅट. एकूण सुमारे ३३ वॅट.
- मार्चची दुपार, खोली ३० °से.: एकूण सुमारे ९ वॅट.
- मे महिन्याची दुपार, खोली ४२ °से.: फरक उणे ४.५ अंश. आता उष्णता बाहेरून आत येते.

तिसरी ओळ नीट वाचा. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोका थंड करू शकत नाही. शिवाय शेवटच्या आठवड्यात वाढलेले भ्रूण स्वतःही उष्णता सोडतात. जास्त उष्णता कमी उष्णतेपेक्षा लवकर मारते, म्हणून उन्हाळ्यात यंत्र कूलर चालू असलेल्या खोलीतच ठेवावे. नाहीतर अंडी बसवूच नयेत.

गरज ३३ वॅट असली तरी ४० वॅटचे दोन बल्ब समांतर जोडावेत. एक उडाला तरी दुसरा रात्र निभावून नेतो. बल्ब जुन्या तंतूचाच हवा. एलईडी उजेडासाठी बनवलेला असतो, त्याची ऊब पुरत नाही. बल्बची काच थर्मोकोलपासून दूर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा लावावा, कारण थर्मोकोल १०० °से.च्या आतच मऊ पडतो. २३० व्होल्टच्या जोडण्या पाण्याच्या तबकापासून दूर आणि झाकलेल्या असाव्यात.

४. थर्मोस्टॅट: चढउतार की सरासरी?

दिल्लीच्या लजपत राय मार्केटसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात रिले असलेले स्वस्त डिजिटल थर्मोस्टॅट मॉड्यूल मिळते. ते बल्ब पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करते. चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतील फरक त्यात बरेचदा २ अंश ठेवलेला असतो. तो ०.३ ते ०.५ अंशावर आणावा.

हवेचे तापमान असे वरखाली होताना अंड्याचे काय होते? ५५ ग्रॅमच्या अंड्याची उष्णताधारकता सुमारे १८० ज्यूल प्रति अंश असते. पृष्ठभाग सुमारे ७० चौ. सेंमी असतो. पंख्याच्या हवेत उष्णता देवाणघेवाणीचा गुणांक १२ वॅट प्रति चौ. मी. प्रति अंश धरला, तर

कालस्थिरांक = १८० ÷ (१२ × ०.००७) ≈ २१०० सेकंद, म्हणजे सुमारे ३५ मिनिटे.

बल्ब दर तीनचार मिनिटांनी चालू-बंद होत असेल, तर हवेतील अर्ध्या अंशाचा चढउतार अंड्यात जवळजवळ पोचतच नाही. अंडे सरासरी घेते. म्हणून पडद्यावरचा आकडा हलतो याची फार चिंता करू नये. खरा धोका सरासरीच चुकीची असण्याचा आहे. सेन्सर सतत एक अंश चुकीचे सांगत असेल, तर ती चूक २१ दिवस साचत जाते. तापमान कमी पडले तर पिल्ले उशिरा व अशक्त निघतात आणि जास्त झाले तर भ्रूण मरतात.

सेन्सर तपासायला महाग उपकरण लागत नाही. घरातला ताप मोजण्याचा थर्मामीटर ३५ ते ४२ अंशांच्या पट्ट्यातच चांगला अचूक असतो आणि आपल्याला हवा तो आकडा याच पट्ट्यात आहे. पेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात थर्मामीटर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सेन्सर शेजारी शेजारी धरा. दोन्हींत जो फरक येईल तो थर्मोस्टॅटच्या आकड्यात सुधारून घ्या. सेन्सर खोक्यात अंड्यांच्या पातळीवर आणि बल्बच्या थेट झोतापासून दूर बसवावा.

५. धुक्यातला कोरडेपणा

जानेवारीत दिल्लीत दाट धुके असते. हवा इतकी ओली, मग तबकात पाणी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण सापेक्ष आर्द्रता तापमानावर अवलंबून असते. बाहेरची हवा खोक्यात येऊन तापली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण बाष्प सामावण्याची मर्यादा खूप वाढते. ३७.५ °से.ला संपृक्त बाष्पदाब ६.४५ किलोपास्कल असतो. म्हणून

खोक्यातील आर्द्रता = बाहेरच्या हवेतील बाष्पदाब ÷ ६.४५

पुढील आकडे त्या त्या ऋतूतील नमुन्याच्या हवेचे आहेत.

| हवा | तापमान, आर्द्रता | बाष्पदाब (किलोपास्कल) | पाण्याविना खोक्यात |
|---|---|---|---|
| जानेवारी, धुके | १० °से., ९०% | १.११ | १७% |
| मे, लू | ४२ °से., १५% | १.२३ | १९% |
| मे, कूलरची खोली | ३० °से., ५५% | २.३३ | ३६% |
| ऑगस्ट, पाऊस | ३२ °से., ७५% | ३.५७ | ५५% |

धुक्याची सकाळ आणि लूची दुपार खोक्याच्या आत जवळजवळ सारखीच कोरडी आहे! उलट ऑगस्टमध्ये पहिले १८ दिवस तबक रिकामे ठेवले तरी चालते. ‘तबक नेहमी भरलेले ठेवा’ हा सल्ला म्हणूनच सगळीकडे आणि सर्व महिन्यांत बरोबर ठरत नाही.

आर्द्रता वाढवायची असेल तर पाण्याची खोली नव्हे, पृष्ठभाग वाढवावा. उथळ, रुंद तबक किंवा त्यात उभा केलेला ओला स्पंज उपयोगी पडतो.

६. तराजू: सर्वांत प्रामाणिक मापक

स्वस्त आर्द्रतामापक बरेचदा चुकतात. सुदैवाने अंडे स्वतःच नोंद ठेवते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर जाते आणि बोथट टोकाचा वायुकोश मोठा होतो. १८ दिवसांत सुरुवातीच्या वजनाच्या सुमारे १२% घट व्हायला हवी. ही घट जवळजवळ सरळ रेषेत होते, म्हणून हिशेब सोपा आहे: सहाव्या दिवशी ४%, बाराव्या दिवशी ८%, अठराव्या दिवशी १२%.

२४ अंड्यांचे सुरुवातीचे वजन १३२० ग्रॅम असेल, तर ते अनुक्रमे १२६७, १२१४ आणि ११६२ ग्रॅमच्या आसपास यावे. वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरले तर हवा दमट आहे, पाणी कमी करा. कमी भरले तर पाणी वाढवा. घट फार कमी झाली तर वायुकोश लहान राहतो आणि पिल्लाला पहिल्या श्वासाला हवा पुरत नाही. फार जास्त झाली तर आतले पटल वाळून पिल्लाला चिकटते.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी धरून पाहावीत. वाढणाऱ्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे आणि त्याचे वजन सुरुवातीच्या बेरजेतूनही वजा करावे.

७. वीज गेली तर

२४ अंड्यांची एकूण उष्णताधारकता सुमारे ४३०० ज्यूल प्रति अंश येते. गळती १.०५ वॅट प्रति अंश, म्हणून खोक्याचा कालस्थिरांक सुमारे ६८ मिनिटे. खोली २० °से. असताना अर्धा तास वीज गेली तर तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. आता खोक्यात सुरुवातीपासून पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवा. त्यांची भर ८४०० ज्यूल प्रति अंश. कालस्थिरांक सुमारे साडेतीन तासांवर जातो आणि त्याच अर्ध्या तासात घसरण केवळ अडीच अंशांची होते. इतका स्वस्त बॅकअप दुसरा नाही.

वीज गेल्यावर भोके अर्धी झाका, खोक्यावर रजई टाका आणि झाकण उघडून पाहू नका. कोंबडीही रोज थोडा वेळ उठतेच, तेवढी थंडी अंडी सोसतात.

८. शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवा, पाणी वाढवा आणि झाकण लावा. पिल्लू आधी वायुकोशात चोच घालून फुप्फुसाने श्वास घेते, मग कवचाला छिद्र पाडते. त्यानंतर बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागू शकतात. या काळात ते उरलेला बलक पोटात घेत असते आणि रक्तवाहिन्या मिटत असतात. मदत म्हणून कवच सोलले तर रक्तस्राव होतो. झाकण उघडले तर आर्द्रता क्षणात जाते. या टप्प्यावर हात मागे ठेवणे हेच योग्य नियंत्रण.

बलकाच्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस दाण्याविना राहू शकते. पिल्ले कोरडी होऊन फुलली की त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ °से. ऊब असलेल्या जागेत हलवावे. अंडी बसवण्याआधीच या पिल्लांना कोण सांभाळणार हे ठरवा. त्यांतले साधारण निम्मे नर असतील. दिल्ली परिसरात फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने त्यातल्या त्यात सोयीचे. अंडी व पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

९. स्वाध्याय

१. रत्नागिरीत ऑगस्टमध्ये हवा २८ °से., ९०% आहे (संपृक्त बाष्पदाब ३.७८ किलोपास्कल). नागपुरात मे महिन्यात हवा ४४ °से., १५% आहे (९.१० किलोपास्कल). दोन्ही ठिकाणी तबकाविना खोक्यातील आर्द्रता काढा. पहिले १८ दिवस कोठे पाणी लागेल?

२. ३० अंड्यांचे वजन १६५० ग्रॅम होते. सहाव्या दिवशी ते १६१० ग्रॅम भरले. पाणी वाढवाल की कमी कराल? का?

३. थर्मोकोलची जाडी ५ सेंमी केली, तर जानेवारीतील वॅटची गरज आणि वीज गेल्यावरचा कालस्थिरांक यांत काय फरक पडेल? भिंतींचे सरासरी क्षेत्रफळ तेच धरा.

४. तुमच्या गावातील आजचे तापमान व आर्द्रता घेऊन आज अंडी बसवणे योग्य आहे का, ते हिशेबासह लिहा.