संगणकाआधी कामाची यादी करा

आपल्या कापडधंद्यात आता लहान दुकानांतही बिलासाठी संगणक आला आहे. सॉफ्टवेअर घेताना मात्र बहुतेक व्यापारी बांधव फक्त किंमत विचारतात. आमचा तजुर्बा सांगतो की, आधी आपले काम आणि आपल्या नोंदी पाहाव्यात. प्रोग्रॅमची बांधणी त्यावरूनच ठरली पाहिजे.

खुलताबादच्या कापड दुकानाचेच पाहा. ताक्यातून अडीच मीटर एका गिऱ्हाइकाला जाते, शेवटचा तुकडा कटपीस म्हणून वेगळ्या भावात विकतो. शाल, चादर नगावर जाते. उरुसाच्या गर्दीत बिल झटपट निघावे लागते, उधारीचा हिशेब मात्र महिनोन्‌महिने चालतो. आम्हाला एका विक्रेत्याने नगावर चालणारा प्रोग्रॅम दाखवला होता. अडीच मीटर विकले की तो अख्खा ताका संपला असे दाखवी! ताका, मीटर आणि कटपीस यांचे नाते मुळात नोंदीतच नसेल, तर ते मागाहून घालताना सगळा पायाच उकरावा लागतो.

दुसरी गोष्ट दराची. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्यापुढे १८ टक्के लागू झाले. दर प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेला असेल, तर प्रत्येक बदलाला सॉफ्टवेअरवाल्याला पैसे मोजावे लागतात. तो वेगळ्या तक्त्यात असेल, तर दुकानदार स्वतःच बदल करतो. तक्त्यात तारीखही हवी. २० सप्टेंबरला विकलेला दोन हजारांचा ड्रेस ऑक्टोबरमध्ये परत आला, तर नोंद जुन्या १२ टक्क्यांनीच करावी लागते.

विणकर बांधवांना हे नवे नाही. हिमरूच्या जुन्या मागावर नक्षी जाल्याच्या दोऱ्यांत बांधलेली असे. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ती छिद्रांच्या पत्त्यांवर आणली. पत्ते बदलले की नक्षी बदलते, माग तोच राहतो. पण केवढी नक्षी विणायची हे आधीच सांगावे लागते, कारण मागाचे हुक त्याच हिशेबाने बसवतात.

म्हणून सौदा करण्यापूर्वी गेल्या महिन्याची खरी बिले समोर ठेवा. त्यांत कटपीस, परत माल, उधारी सगळे असू द्या. काम टप्प्याटप्प्याने करून घ्या: आधी बिल, मग माल, मग उधारी. वही आणि संगणकाचा हिशेब जुळेपर्यंत वही बंद करू नका, आणि पूर्ण पैसेही देऊ नका.