पडदा आणि सूर (भाग ६) : दुसऱ्याच्या गळ्यातलं गाणं

गेल्या आठवड्यात आपण ‘अमॅडियस’ पाहिला. पीटर शॅफरच्या १९७९ च्या नाटकावरून मिलॉश फोरमनने १९८४ मध्ये केलेला, आठ ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट. एकीकडे व्हिएन्नाच्या दरबारातला मानाचा संगीतकार सालिएरी, दुसरीकडे पोरकट, खिदळणारा मोझार्ट. त्यातला एक प्रसंग आज पुन्हा लागणार आहे. मोझार्टची बायको नवऱ्याच्या कामासाठी रदबदली करायला सालिएरीकडे येते आणि सोबत त्याच्या रचनांचं बाड आणते. या मूळ प्रती आहेत, नकला नाहीत, हे कळल्यावर सालिएरी पानं चाळू लागतो. कुठेही खाडाखोड नाही. वाचता वाचता त्याच्या कानात वाद्यवृंद वाजू लागतो, आणि हातातले कागद जमिनीवर पडतात. ईर्ष्या पेटली ती कागदावरच्या खुणा वाचून.

आपल्याकडे हाच विषय शॅफरच्या बारा वर्षं आधी रंगभूमीवर आला होता, आणि तो लिहिला होता आपल्या विदर्भातल्याच माणसाने. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे रंजन कला मंदिरचे दारव्हेकर मास्तर, यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने रंगमंचावर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. पुढे २०१५ च्या दिवाळीत, आपल्याकडे गावोगाव मंडया भरत होत्या त्याच दिवसांत, सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला.

कथा थोडक्यात अशी. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर शास्त्री (शंकर महादेवन) राजगायक आहेत. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले (सचिन पिळगांवकर) या तयारीच्या गवयाला तेच आग्रहाने विश्रामपूरला आणतात. दसऱ्याच्या दरबारात दोघांचा सामना होतो. जिंकणाऱ्याला राजगायकपद, हवेली आणि एक कट्यार. या कट्यारीने केलेला एक खून माफ. खाँसाहेब वर्षामागून वर्ष हरत राहतात. हरण्यापेक्षा जास्त सलतं ते हरल्यानंतर मिळणारं सांत्वन. शेवटी एका दसऱ्याला पंडितजींना शेंदूर खाऊ घातला जातो, आवाज जातो, आणि खाँसाहेब हवेलीत राहायला येतात. मग मिरजेहून सदाशिव (सुबोध भावे) येतो. त्याला पंडितजींकडेच शिकायचं होतं, आणि पंडितजींचा आवाज आता उरलेला नाही.

आता दोन्ही चित्रपट शेजारी ठेवा. मोझार्ट मेला तरी त्याचं संगीत कागदावर राहतं. सालिएरीची खरी शिक्षा तीच आहे: म्हातारपणी स्वतःच्या रचना लोक विसरले, मोझार्टची धून मात्र भेटायला आलेल्या पाद्र्यालाही गुणगुणता येते. आपल्या रागसंगीतात गायकी अशी कागदावर मावत नाही. बंदिशीचे शब्द लिहिता येतात, स्वरलिपीही करता येते. पण मींड किती लांबवायची, समेवर कसं यायचं, श्वास कुठे चोरायचा हे गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानातच जातं. म्हणून विश्रामपुरात शेंदूर पुरेसा होतो. एक गळा गेला की त्यासोबत एक गायकी जाते. आणि म्हणूनच इथे सूडाला उत्तर द्यायला शिष्य लागतो.

हे झाडीपट्टीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या दंडारीतली, खडी गंमतीतली गाणी कुठल्या पुस्तकातून आलेली नाहीत. जाणत्याच्या मागे उभं राहून, कोरसात सूर मिसळत पोरं शिकली. मंडईपासून होळीपर्यंत अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीच्या पट्ट्यात रात्ररात्र नाटकं चालतात. कधी एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन कंपन्यांचे मंडप पडतात. या मंडपातल्या ऑर्गनचा आवाज त्या मंडपात जातो, आणि ‘वन्स मोअर’ कुठे जास्त पडले हे पहाटेपर्यंत गावभर झालेलं असतं. कलावंताला दुसऱ्याचं गाणं कसं बोचतं हे आपण जवळून पाहतो. आणि तोच कलावंत बोचलेली जागा पुढच्या प्रयोगात स्वतः घेऊन दाखवतो, हेही पाहतो.

सदाशिव तेच करतो. ज्याने गुरूची जागा बळकावली त्याच्याच हवेलीत तो चोरून कान देतो, आणि शत्रूची गायकी आपल्या गळ्यात उतरवू लागतो. गाणं दुसऱ्याचं आहे हे मान्य करून ते मागायची ही तयारी खाँसाहेबांकडे नव्हती. त्यांना मान हवा होता, हवेली हवी होती. शिकण्यासारखं काही पंडितजींकडे आहे, हे त्यांच्या घराण्याच्या अभिमानाने त्यांना कबूल करू दिलं नाही.

हा फरक अभिषेकीबुवांनी चालींतूनच ऐकवला आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे पद नाटकात दोन चालींत आहे. शब्द तेच, त्यांतला भुंगा तोच. एका चालीत शब्द जपले जातात, स्वर ठायीठायी विसावतो, भुंगा फुलावर बसलेला वाटतो. वसंतरावांच्या गळ्यातली चाल मात्र फिरत्या, चपळ तानांची आहे. तिथे भुंगा बसतच नाही, घिरट्या घालतो. दोन्ही चाली लागोपाठ ऐका. कुठली मोठी, असा प्रश्न पडला तर दरबारातल्या लोकांसारखीच आपलीही चूक होते आहे असं समजा. दोन घराणी म्हणजे एकाच फुलाकडे जायच्या दोन वाटा आहेत, एवढंच त्या चाली सांगतात.

यातली गंमत अशी की घराण्याचा कडवा अभिमान रंगवणारे वसंतराव स्वतः कुठल्याच एका घराण्यात बसले नाहीत. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरला असदअली खाँ, पुढे सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजारवाले अमानअली खाँ, असं जिथे मिळालं तिथून त्यांनी घेतलं. दीनानाथ मंगेशकरांची छाप तर गळ्यावर कायमची. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत त्यांनी हे सगळं सांभाळलं. खाँसाहेबांची भूमिका करणारा माणूस आयुष्यात सदाशिवासारखा जगला होता.

चित्रपटाची बाजू कुठे लंगडी पडते तेही सांगायला हवं. शेंदूर घालणारा हात त्यात खाँसाहेबांच्या बेगमचा आहे. त्यामुळे नायक-खलनायकाचा अपराध निम्मा धुऊन निघतो आणि प्रेक्षकाला त्याची कीव करणं सोपं जातं. फोरमनने सालिएरीला अशी सवलत दिली नाही. तो स्वतः कट रचतो आणि स्वतःच कबुली देतो. गाणी बाजूला ठेवून केवळ ईर्ष्येचं चित्रण पाहायचं तर ‘अमॅडियस’ अधिक कठोर आणि म्हणून अधिक खरा आहे.

तरीही त्या कठोर चित्रपटातला सर्वांत उजळ प्रसंग कुठला? मरणपंथाला लागलेला मोझार्ट अंथरुणावरून ‘रेक्विएम’ सांगतो आहे आणि सालिएरी घाईघाईने उतरवून घेतो आहे. थांब, कळलं नाही, पुन्हा सांग, असं म्हणतो आहे. तेवढ्या रात्रीपुरता तो शिष्य होतो आणि तेवढ्यापुरती त्याची ईर्ष्या विझते. कट्यार हातात असूनही खाँसाहेब शेवटी सदाशिवापुढे विरघळतात, त्याचं कारणही हेच. त्याच्या गळ्यातून त्यांना पंडितजी ऐकू येतात, आणि स्वतःचंही गाणं ऐकू येतं.

इतिहासातला सालिएरी तर याहून पुढे गेलेला आहे. त्याने मोझार्टला विष दिल्याचा कुठलाही पुरावा नाही. बेथोव्हन आणि शूबर्ट त्याच्याकडे शिकले. मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या धाकट्या मुलाला, फ्रान्झ झेवरला, ज्यांनी शिकवलं त्यांत सालिएरीही होता.

आणि २०१५ च्या चित्रपटाचा आवाज कोणाचा? खाँसाहेबांसाठी गायले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, ज्यांनी २०१० मध्ये हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं होतं. सदाशिवासाठी गायले ते महेश काळे, अभिषेकीबुवांचे शिष्य. ‘अरुणि किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्या गाण्यांना शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत होतं, तरी १९६७ चे दोन गळे जवळजवळ पन्नास वर्षांनी असे पडद्यावर पोचले. एकही पोचला नसता, जर कोणी शिकवलं नसतं आणि कोणी शिकलं नसतं.

या आठवड्याचा अभ्यास एवढाच: आधी ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली ऐका, मग चित्रपट पाहा. आणि यंदा मंडईत नाटकाला गेलात तर नायकाच्या पदाला जसा ‘वन्स मोअर’ देता तसा एखादा मागच्या ओळीतल्या नवख्या पोरालाही द्या. पुढच्या आठवड्यात ‘बालगंधर्व’.