पडद्यावरील नकाशा आणि आमचा भूगोलाचा तास

नागपुरात विधानभवनाजवळ शून्य मैलाचा जो दगडी स्तंभ उभा आहे, तो देशाचा मध्यबिंदू दर्शवितो की नाही याविषयी जाणकारांत मतभेद असले, तरी त्याच्यावरील समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट, म्हणजे दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत, निश्चित करणाऱ्या सर्वेक्षणाच्या परंपरेशी विदर्भाचा असलेला ऋणानुबंध वादातीत आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन आपली कचेरी हैदराबादेहून नागपुरास हलवीत असता 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे निवर्तला, व त्याची कबरही तेथेच आहे. पुढे मालगुजारीच्या बंदोबस्तासाठी मौजेवार नकाशे तयार झाले, आणि जमिनीचा तुकडा कागदावर कसा उतरतो याचे ज्ञान निदान पटवाऱ्याच्या दप्तरापर्यंत तरी पोहोचले.

त्या दप्तराचे आजचे वारस याच शहरात आहेत. 1976 मध्ये स्थापन झालेला मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाचा राष्ट्रीय ब्यूरो अमरावती मार्गावर आहे. इस्रोचे मध्य विभागीय सुदूर संवेदन केंद्र त्याच आवारात आहे. आणि राज्य शासनाचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र 1988 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी भारताचा प्रायोगिक नव्हे असा, नियमित वापराचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह बैकानूरहून अवकाशात गेला त्याच वर्षी, स्थापन झाले. एवढी विद्या ज्या शहरात एकवटली आहे, तेथील शाळांत भूगोलाचा तास अजूनही बहुधा आराखडा नकाशात नद्या निळ्या व पर्वत तपकिरी रंगविण्यात संपावा, ही विसंगती खरी. परंतु तिचे खापर साधनांच्या अभावावर फोडण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

साधने विपुल आहेत व बहुतांशी विनामूल्य आहेत. क्यूजीआयएस ही भौगोलिक माहिती प्रणाली 2002 पासून, सर्वांनी मिळून घडविलेला ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून, तर गुगल अर्थ 2005 पासून उपलब्ध आहे. इस्रोचे ‘भुवन’ 12 ऑगस्ट 2009 रोजी खुले झाले आणि एनसीईआरटीच्या सहकार्याने त्याची शालेय आवृत्तीही निघाली. एके काळी अर्जविनंत्या करून मिळवावे लागणारे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे 2017 पासून घरबसल्या उतरवून घेता येतात, आणि फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील जुने निर्बंधही पुष्कळ सैल केले.

तथापि साधन हाती आले म्हणजे विद्या आली असे होत नाही, व या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे. बालभारतीच्या नववीच्या भूगोलात वितरणाच्या नकाशांवर पाठ असून त्यात टिंब, क्षेत्रघनी व सममूल्य या पद्धती समजावल्या आहेत. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने 2011 च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या लोकसंख्येची घनता संगणकास दिली आणि समान अंतराचे पाच वर्ग पाडावयास सांगितले, तर निमिषार्धात एक देखणा क्षेत्रघनी नकाशा पडद्यावर उमटेल. पण मुंबई उपनगराची घनता दर चौरस किलोमीटरला वीस हजारांवर असल्याने मुंबईचे दोन जिल्हे एका रंगाचे व उरलेले 33 जिल्हे सर्वांत फिकट रंगाचे, असा तो निघेल. गडचिरोलीची घनता 74 आणि नागपूरची 470, म्हणजे सहा पटींहून अधिक. तरीही दोहोंचा रंग एकच! संगणकाची यात कवडीचीही चूक नाही. वर्ग कोठे पाडावे हे ठरविणे हाच नकाशाकाराचा खरा निर्णय होय, आणि जो हा निर्णय यंत्रावर सोपवितो त्याला विदर्भ नावाचा प्रदेश दिसतच नाही. माझ्या मते हा एक प्रयोग वर्गात करून दाखविणे हे दहा देखण्या आलेखांच्या प्रदर्शनापेक्षा अधिक मोलाचे आहे.

प्रक्षेपणाचेही तसेच. दहावीचे 2018 चे पाठ्यपुस्तक भारत व ब्राझील यांची तुलना करते. परंतु मुले ज्यांवर ब्राझील शोधतील ते बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटरच्या 1569 च्या प्रक्षेपणाचाच सुधारित अवतार वापरीत असल्याने त्यांवर ग्रीनलंड ब्राझीलहून मोठे भासते, वस्तुतः ब्राझील त्याच्या जवळजवळ चौपट आहे.

आता घरचेच उदाहरण घेऊ. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांसह सीताबर्डीचा परिसर व मोरभवन बसस्थानक जलमय झाले. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारद्वारा टिपलेली भूपृष्ठाच्या उंचीची आकडेवारी आज कोणासही मिळते. ती क्यूजीआयएसमध्ये घालून समोच्च रेषा काढल्या, की पाणी अंबाझरीकडून पूर्वेस सीताबर्डीकडे का धावले, हे आठवीतल्या मुलासही समजावे. मात्र त्या आकडेवारीत तीस मीटर लांबीरुंदीच्या चौकोनास एकच उंची असते, आणि शहरातून वाहताना नाग नदीचे पात्र अनेक ठिकाणी त्याहून अरुंद आहे. पूल, संरक्षक भिंत, पात्रात शिरलेले बांधकाम, म्हणजे पुराच्या वेळी ज्यांचा हिशेब निर्णायक ठरतो ते सारे, त्या चौकोनात हरवते. उंचीतही काही मीटरांचा फरक संभवतो. शून्य मैलाच्या स्तंभावरील तीन दशांश स्थळांशी त्याची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. म्हणून संगणकावरील नकाशाच्या जोडीला 55 ओ/4 या क्रमांकाचा स्थलनिर्देशक नकाशा हाती घेऊन मुलांना नदीकाठाने चालविणे अपरिहार्य आहे. तेथून परतल्यावर आपल्या मोहल्ल्यातील नाले, विहिरी, पूल यांची नावे त्यांनी देवनागरीत ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदविली, तर नागपूरच्या नकाशात आज नसलेली माहितीही भरली जाईल.

शिकविणे परीक्षेच्या मागून जाते, हा आपल्याकडील शिरस्ता कोणाला आवडो वा न आवडो. तेव्हा राज्य मंडळाने दहावीच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक सदोष नकाशा छापून त्यातील वर्गवारीचा, प्रमाणाचा वा प्रक्षेपणाचा दोष ओळखावयास सांगणारा निदान एक प्रश्न घालावा, आणि नागपुरातील वर उल्लेखिलेल्या संस्थांनी जिल्ह्यातील भूगोल शिक्षकांसाठी उन्हाळी सुटीत मराठीतून वर्ग चालवावेत, अशी या निमित्ताने माझी विनंती आहे.