‘इन्फिओराता’ : शब्द आणि प्रथा

इटालियन भाषेत ‘फिओरे’ म्हणजे फूल. त्यास ‘इन’ हा उपसर्ग लागून ‘इन्फिओरारे’, म्हणजे फुलांनी आच्छादणे, हे क्रियापद सिद्ध होते. डांटेच्या ‘पॅरादिसो’तही ते आढळते. ‘इन्फिओराता’ हे त्याचेच धातुसाधित नाम होय. ‘पास्सेज्जाता’ (फेरफटका) या शब्दाप्रमाणे त्याचा रोख वस्तूकडे नसून कृतीकडे आहे. रस्त्यावर पाकळ्यांची चित्रे रेखण्याच्या प्रथेस हे नाव कितपत अन्वर्थक आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या प्रथेचा उगम सामान्यतः रोममध्ये मानला जातो. २९ जून १६२५ रोजी, संत पीटर व संत पॉल यांच्या सणानिमित्त, व्हॅटिकनच्या पुष्पविभागाचा प्रमुख बेनेदेत्तो द्रेई याने फुलांच्या पाकळ्यांनी चित्राकृती सजविल्या. पुढे ही कला रोमच्या परिसरातील गावांत रुजली. जेंझानो येथे १७७८ पासून ती ‘कॉर्पस क्रिस्ती’ या सणाशी निगडित आहे. ईस्टरनंतर सुमारे दोन महिन्यांनी येणाऱ्या या सणात ख्रिस्तप्रसादाची मिरवणूक निघते. चर्चकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर अंथरलेला पुष्पपट हा त्या मिरवणुकीचा मार्ग असतो.

या पटाची सिद्धता सामुदायिक असते. गावकरी एकत्र बसून फुलांच्या पाकळ्या खुडतात; त्या नगरगृहाखालील थंड भुयारांत रंगवार साठवितात. रस्त्यावर रेखाटन झाल्यावर त्यात पाकळ्या भरल्या जातात. मिरवणूक त्यावरून जाते आणि अखेरीस मुले उतारावरून धावत सुटून उरलेले चित्र विस्कटून टाकतात. या धावण्यालाही ‘स्पाल्लामेंतो’ असे स्वतंत्र नाव आहे. ज्या विध्वंसाला नाव आणि नियत वेळ आहे, तो विध्वंस विधीचाच एक भाग समजला पाहिजे. अंब्रियातील स्पेल्लो गावी लोक रात्रभर जागून चित्रे पूर्ण करतात, ती सकाळच्या मिरवणुकीसाठीच.

सिसिलीतील नोतो येथे मात्र निराळे चित्र दिसते. १६९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसविलेल्या या बरोक नगरात इन्फिओराता सुरू झाली ती १९८० मध्ये, जेंझानोच्या परंपरेतून. तिचा काळ मे महिन्यातील, प्रसंग वसंतागमनाचा. कॉर्पस क्रिस्तीशी तिचा संबंध नाही. दरवर्षी एक विषय निवडला जातो आणि प्रेक्षक निकोलाची रस्त्याच्या कडेने चालत चित्रे न्याहाळतात. जेंझानोत पट चालण्यासाठी अंथरला जातो, नोतोत तो मुख्यतः पाहण्यासाठी. शब्द तोच राहिला. त्याचा भर मात्र कृतीकडून वस्तूकडे सरकला.

यावरून नोतोची प्रथा कृत्रिम ठरविणे न्याय्य नव्हे. तेथेही पाकळ्या माणसेच भरतात आणि चित्रे अल्पायुषीच असतात. परंतु अशा कलेच्या जतनाचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाही. छायाचित्रे व आराखडे जपले, तरी जपली जाते ती केवळ वस्तू. खुडणे, भरणे, तुडविणे ही कृती एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती गेली, तरच प्रथा टिकते. उंबऱ्यापुढील रांगोळी रोज पुसली जाऊनही परंपरेने टिकून राहिली, ती याच कारणाने.