वकिलाने वकिली सोडली तर...

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपल्याकडे म्हणतात. परंतु जमीन, घर, वारसाहक्क किंवा थकलेली रक्कम यांसाठी सामान्य माणसालाही न्यायालयात जावे लागते. एकदा वकीलपत्रावर सही केली, की दाव्याची सारी जबाबदारी वकिलावर सोपवून तो निश्चिंत होतो. आणि मग एके दिवशी वकीलच राहिला नाही तर?

एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजेच गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पसरलेली आहेत. समजा, असे एक कुटुंब जयपूरजवळच्या बस्सी या गावी राहत आहे. त्यांनी तेथे घेतलेल्या भूखंडाविषयी दिवाणी दावा सुरू आहे. एके दिवशी वकिलांच्या कार्यालयास कुलूप दिसते. वकिलांनी नोकरी स्वीकारली, असे शेजारी सांगतात. कागद त्यांच्याकडे, पुढची तारीखही त्यांनाच ठाऊक. परमुलखातील या कुटुंबाने आता काय करावे?

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वकील गेला म्हणून दावा थांबत नाही. ठरलेल्या दिवशी न्यायालयात पुकारा होतोच. वादी गैरहजर असल्यास दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादी गैरहजर असल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. असा आदेश रद्द करून घेण्यासाठीच्या अर्जाची मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण द्यावे लागते. म्हणून पहिले काम म्हणजे पुढील तारीख शोधणे. न्यायालयाच्या कार्यालयात दाव्याचा क्रमांक व पक्षकारांची नावे सांगून ती विचारता येते. प्रत्येक दाव्यास सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ठाऊक असल्यास ई-कोर्ट्स सेवेवर मोबाइलवरूनही तारीख पाहता येते. त्या तारखेस पक्षकाराने स्वतः हजर राहावे आणि नवा वकील नेमण्यासाठी मुदत मागावी.

दुसरे काम वकीलपत्राचे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वकिलाचा मृत्यू झाल्यास त्याचे वकीलपत्र आपोआप संपते. मात्र वकिलाने केवळ काम थांबवले, तर न्यायालयाच्या परवानगीने ते लेखी रद्द होईपर्यंत कागदोपत्री तोच वकील राहतो. अशा वेळी नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची संमती घेतात. ती मिळत नसेल, तर कारण सांगून न्यायालयाकडे परवानगी मागता येते.

तिसरे काम कागदपत्रांचे. फी बाकी आहे, या कारणासाठी वकिलास अशिलाचे कागद अडवून ठेवता येतात काय? आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात हाच प्रश्न होता. एका सहकारी बँकेने १९९३ मध्ये आपल्या वकिलाकडे फाइली परत मागितल्या. वकिलाने ९७,१०० रुपये फी बाकी असल्याचे सांगून त्या देण्यास नकार दिला. ऑगस्ट २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की फीसाठी फाइली अडवण्याचा अधिकार वकिलास नाही. फी वसूल करण्याचे अन्य कायदेशीर मार्ग त्यास मोकळे आहेत. म्हणून कागद लेखी मागावेत व मिळालेल्या कागदांची यादी करून पोच द्यावी. कागद गहाळ झाले असल्यास न्यायालयाच्या दप्तरातून प्रमाणित नकला मिळवता येतात. वकिलाने कागद देण्यास नकार दिला किंवा अशिलाचे पैसे दाबून ठेवले, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या वकील परिषदेकडे तक्रार करता येते. राजस्थानची परिषद जोधपूर येथे, तर महाराष्ट्र व गोव्याची मुंबई येथे आहे.

नव्या वकिलाची फी परवडत नसेल, तरी मार्ग बंद होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे लोक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

परदेशातून येऊन नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांनी तर अधिकच दक्ष राहावे. पाकिस्तानातील सिंध प्रांतातून आलेली अनेक कुटुंबे राजस्थानात राहतात. त्यांचा अर्ज न्यायालयात नव्हे, तर शासनाकडे जातो. अर्जात वकिलाचाच मोबाइल क्रमांक दिला असेल, तर वकील दूर होताच शासनाचा निरोप अर्जदारापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अर्जात क्रमांक स्वतःचा असावा, मूळ पारपत्र स्वतःजवळ ठेवावे आणि व्हिसाची मुदत कधी संपते हे स्वतः जाणून घ्यावे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात म्हटले. तथापि, वर्षानुवर्षे चौकशीच न करणाऱ्या पक्षकारास अशी सवलत मिळेलच, असे नाही. यासाठी घरात एक साधी वही ठेवावी. तीत दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, प्रत्येक तारीख आणि वकिलास दिलेली रक्कम लिहावी. सर्व कागदांच्या छायाप्रती जपून ठेवाव्यात. वकील हा वाट दाखवणारा सोबती असतो. वाट मात्र पक्षकाराचीच असते. स्वतःचे कागद स्वतः वाचता येणे, ही त्या वाटेवरची सर्वांत मोठी शिदोरी होय.