सिंहलद्वीपाची सहल : वैद्याने पाहावीत अशी काही नगरे

सुट्टीसाठी उष्ण प्रदेशातील एखादे बेट निवडावयाचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाळू, माडांची बने आणि निळे पाणी एवढेच उभे राहते. श्रीलंकेत हे सर्व विपुल आहे. परंतु ज्या बेटावर आपल्या शास्त्राच्या खुणा दगडात कोरलेल्या आहेत, तेथे जाऊन वैद्याने आठ दिवस केवळ किनाऱ्यावर घालवावेत हे काही योग्य नव्हे. मुंबईहून थेट विमानाने कोलंबो अवघ्या अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी अनेक जण तेथे जाऊन येतात, छायाचित्रेही दाखवितात. मात्र मिहिंतलेची दगडी द्रोणी पाहिली काय, असे विचारल्यास बहुधा नकारच मिळतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम किनाऱ्याविषयी थोडेसे. कोलंबोच्या दक्षिणेस बेरुवल, बेंतोट या भागात ‘आयुर्वेद’ असे नाव लावलेल्या विश्रामगृहांची रांगच आहे. युरोपातून, विशेषतः जर्मनीतून येणाऱ्या पाहुण्यांवर ती चालतात. त्यांतील काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांचा क्रम काळजीपूर्वक दिला जातो, हे मान्य केले पाहिजे. पण सात दिवसांत ‘संपूर्ण पंचकर्म’ देणाऱ्या फलकांचे काय करावे? स्नेहपानासच तीन ते सात दिवस लागतात. पुढे स्वेदन, प्रधानकर्म आणि त्यानंतरचा संसर्जनक्रम निराळाच. सात दिवसांत बसते ते अभ्यंग आणि शिरोधारा. ते सुखकर असते, परंतु त्यास शोधन म्हणू नये. आपणही आपल्या गावी हेच फलक लावू लागलो आहोत, म्हणून हे लिहिले. असो. आपण नगरांकडे वळू.

जाण्याचा काळ ठरविताना दोन पावसाळे ध्यानात घ्यावेत. नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणतः मे ते सप्टेंबर या काळात दक्षिण व पश्चिम भाग भिजवितात. ईशान्येचा पाऊस वर्षाच्या अखेरीस व आरंभी पूर्वेकडे आणि उत्तरेकडे पडतो. पुढे वर्णिलेला संपूर्ण मार्ग एकाच फेरीत करावयाचा असेल तर फेब्रुवारी-मार्च सोयीचे. नैर्ऋत्येचा सदाहरित भाग हा आनूप देश, तर उत्तर-मध्य पठाराचा कोरडा, तळ्यांवर जगणारा प्रदेश जांगलाकडे झुकणारा. एका दिवसाच्या मोटार-प्रवासात चरकोक्त देशभेद खिडकीतून पाहावयास मिळतो.

कोलंबोत फार दिवस काढण्याचे कारण नाही. मात्र पेट्टा (म्हणजे आपली पेठच) या गजबजलेल्या बाजारातील गॅबोज लेन या गल्लीत एक तास अवश्य द्यावा. दोन्ही बाजूंस काष्ठौषधींची दुकाने, पोत्यांतून डोकावणारी मुळे, साली, फळे. येथे भाषेचा आनंदही लाभतो. सिंहली ही आर्यकुलातील भाषा असल्याने तीत ‘बेहेत्’ म्हणजे भेषज्य आणि ‘तेल्’ म्हणजे तेल. वैद्यास आदराने ‘वेदमहत्तया’ म्हणतात. ‘अरळु, बुळु, नेल्लि’ ही तीन नावे एका दमात उच्चारली जातात. फळे हाती घेताच ही आपली त्रिफळा असल्याचे कळते. ‘पस्पंगुव’ हे पाच द्रव्यांच्या काढ्याचे पुडके तेथील घरोघरी ज्वर-प्रतिश्यायात वापरले जाते. त्यात धने, सुंठ, कंटकारी व पर्पटवर्गातील ‘पत्पाडगम्’ यांबरोबर ‘वेनिवॅल्गॅट’ नावाचे पिवळे काष्ठ असते. हे काष्ठ म्हणजे कॉसिनियम फेनेस्ट्रेटम, दक्षिण भारतातही दारुहळद म्हणून विकली जाणारी वेल. आपली शास्त्रोक्त दारुहरिद्रा हिमालयातील बर्बेरिस. दोहोंत बर्बेरिन असले तरी वनस्पती सर्वस्वी भिन्न. शिवाय ही वेल अत्यंत सावकाश वाढते आणि रानातून तोडून आणली जात असल्याने दुर्मीळ होत चालली आहे.

वैद्यकशिक्षणात रस असणाऱ्यांनी कोलंबोलगत राजगिरियचे विद्यापीठीय विद्यालय, बोरेल्लचे आयुर्वेद रुग्णालय आणि नाविन्न येथील १९६२ साली स्थापन झालेली बंडारनायके स्मारक संशोधन संस्था पूर्वपरवानगीने पाहावी. आयुर्वेदासाठी त्या देशाने १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि ‘देशीय चिकित्सा’ असे चार प्रवाह आहेत. चौथा आपल्याला अपरिचित. अस्थिभंग, सर्पविष, नेत्ररोग, व्रण अशी एकेक शाखा एकेका घराण्यात, ताडपत्रांवरील पोथ्यांतून चालत आलेली असते.

आता मुख्य भाग. कोलंबोपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर अनुराधपूर आहे. एक सहस्र वर्षांहून अधिक काळ ही सिंहलांची राजधानी होती. संघमित्रेने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आणलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेचा वृक्ष येथे आजही पूजिला जातो, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान या बेटावर दोन वर्षे राहिला होता. येथेच चौथ्या शतकात बुद्धदास नावाचा राजा होऊन गेला. महावंशाच्या पुढील भागात त्याचे चरित्र आहे. तो स्वतः शस्त्रकर्मात निपुण होता, उदररोगाने पीडित सर्पावरही त्याने उपचार केले, दर दहा गावांमागे त्याने एक वैद्य नेमला, अशा कथा तेथे येतात. ‘सारार्थसंग्रह’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ त्याच्या नावे प्रसिद्ध आहे. सर्पाची गोष्ट बाजूस ठेवावी. दहा गावांमागे एक वैद्य ही कल्पना मात्र ज्याने लिहिली त्याच्या मनात होती, एवढेही पुरेसे आहे.

अनुराधपुराच्या पूर्वेस तेरा किलोमीटरवर मिहिंतले. महेंद्र आणि देवानांपिय तिस्स यांची भेट या टेकडीवर झाली म्हणून यात्रेकरू शेकडो पायऱ्या चढून वर जातात. वैद्याने पायऱ्यांस लागण्यापूर्वी पायथ्याशी थांबावे. तेथे नवव्या शतकातील रुग्णालयाचे अवशेष आहेत. मधोमध चौक, चौकात छोटे देवगृह, सभोवार ओळीने खोल्या. पडवीतून प्रत्येक खोलीस वारा मिळेल आणि रुग्णास अंथरुणावरून मूर्तीचे दर्शन घडेल अशी ही योजना. बाहेरच्या दालनांत औषधे तयार करण्याची व स्नानाची सोय होती. उत्खननात पश्चिम आशियातील निळ्या झिलईच्या बरण्यांचे अवशेषही मिळाले. औषधे अथवा तेले साठविण्यास त्या वापरीत असावेत.

आणि तेथेच ती द्रोणी आहे, सिंहलीत ‘बेहेत् ओरुव’, म्हणजे औषधाची नाव. एकाच अखंड शिळेत माणसाच्या आकाराची पोकळी कोरलेली आहे : डोक्यासाठी गोल खळगा, खांद्यांशी रुंदावलेली, पायांकडे निमुळती. आकार देहाबरहुकूम असल्यामुळे थोड्या तेलात अथवा काढ्यात सर्व शरीर बुडते. चरकाच्या त्रयोदश स्वेदांतील अवगाह आपण पाठ केलेला असतो. उंचावरून पडलेल्या, अंगे निखळलेल्या रुग्णास तैलपूर्ण द्रोणीत ठेवावे, असे सुश्रुताने सद्योव्रण-चिकित्सेत सांगितले आहे, हेही ठाऊक असते. परंतु आपल्याकडे द्रोणी लाकडाची. ती काळाबरोबर गेली. येथे दगड वापरल्याने उरली. जे आपण केवळ श्लोकात वाचतो ते रोजच्या व्यवहारात कसे होते, याचा इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडेल. तिच्या काठावर बसून छायाचित्रे काढणारे पर्यटक पाहिले की वाईट वाटते. जवळच वर महिंद चतुर्थ याचे दहाव्या शतकातील दोन शिलालेख आहेत. त्यांत विहाराच्या सेवकवर्गाचा आणि त्यांच्या वेतनाचा तपशील कोरला आहे, वैद्यांसह.

मिहिंतले-पोलोन्नरुव मार्गावरून थोडे वळून रितिगल हा अरण्यमय डोंगर लागतो. द्रोणागिरी नेताना हनुमंताच्या हातून पडलेला त्याचा तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी तेथील लोककथा आहे. गंमत म्हणजे हीच कथा दक्षिणेस गाल्लजवळील रूमस्सल टेकडीविषयी व नुवर एळियजवळील हक्गलविषयीही सांगतात. तीन ठिकाणी तुकडे पडले की तीन ठिकाणच्या लोकांस आपल्या औषधी रानाचे मोल कळले होते, याचा निर्णय वाचकांनीच करावा. रितिगल हे संरक्षित वन असल्याने तेथील पानही तोडू नये. भिक्षूंच्या प्राचीन विहाराचे अवशेष, फरसबंद वाटा, मोठी पुष्करिणी आणि रुग्णालय म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वास्तूतील द्रव्ये वाटण्याचे दगड पाहण्यास अर्धा दिवस पुरतो.

पोलोन्नरुव ही पुढील राजधानी. पहिल्या पराक्रमबाहूने (इ.स. ११५३–११८६) वसविलेल्या आळाहन परिवेणाच्या परिसरात रुग्णालयाचे उत्खनन झाले आणि तेथे शस्त्रे, कातऱ्या, संदंश, एषणी यांसारखी यंत्रे सापडली. ती नगरातील संग्रहालयात मांडलेली आहेत. सुश्रुताच्या यंत्रशस्त्राध्यायाचे पाठ देणाऱ्या आपल्या शल्यतंत्राच्या अध्यापकांनी या काचेच्या कपाटापुढे थोडा वेळ उभे राहावे. राजा स्वतः वैद्यकाचा जाणकार असून उपोसथाच्या दिवशी रुग्णालयात जाऊन रुग्णांची विचारपूस करीत असे, अशी नोंद चूळवंशात आहे. गल् विहारातील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती सर्वच पाहतात, त्याविषयी वेगळे सांगावयास नको.

तेथून कॅंडीकडे येताना मातले लागते. गावालगतच्या अळुविहार लेण्यांत इ.स.पू. पहिल्या शतकात त्रिपिटक प्रथम ताडपत्रांवर लिहिले गेले. १८४८ च्या बंडाच्या वेळी तेथील ग्रंथसंग्रह नष्ट झाला. ताडपत्रे उकळून, वाळवून, घासून त्यांवर कोरण्याची कृती आजही दाखविली जाते. वैद्यकाच्या पोथ्या याच पत्रांवर लिहिल्या गेल्या. मात्र या रस्त्यावरील ‘मसाल्याच्या बागां’विषयी सावध असावे. पांढरा कोट घातलेला वाटाड्या पिंपळी, वेलची, दालचिनीची झाडे दाखवितो, पुढे पाठ चोळून देतो आणि अखेरीस केश काढणारे, केश उगविणारे व मेद घटविणारे तेल अवास्तव किमतीस पुढे करतो. झाडे पाहावीत, बाटल्या राहू द्याव्यात.

कॅंडीत दंतधातूचे मंदिर आहेच, पण आपला खरा दिवस पेरादेणियच्या वनस्पती उद्यानात जावा. १८२१ साली स्थापलेले, महावेली नदीच्या वळणात वसलेले हे सुमारे साठ हेक्टरांचे उद्यान घाईने पाहू नये. जातिफल, लवंग, कंकोळवर्गातील वेली, ताडवर्गाचे असंख्य प्रकार, सारे नामफलकांसह. सकाळी न्याहारीस ‘कोळकॅंद’ मागावी. तांबड्या तांदळाच्या पेजेत मंडूकपर्णी (तिकडे गोटुकोळ), शतावरीची पाने किंवा पोल्पला यांचा स्वरस आणि नारळाचे दूध घालतात व गुळाच्या खड्याबरोबर पितात. आपल्या ग्रंथांतील यवागूकल्पना लोकांच्या न्याहारीत टिकलेली पाहून समाधान होते.

नुवर एळिय थंड, चहाचे मळे सुंदर. एक रात्र पुरे.

कॅंडीहून कोलंबोच्या रस्त्यावर कॅगल्ल हे गाव आहे. प्रवासी शेजारच्या पिन्नवल येथील हत्तींसाठी तेथे थांबतात. डिसेंबर २०२० मध्ये मात्र हजारो लोक तेथे एका पेयासाठी रांगा लावून उभे होते. मध व जायफळ घातलेले ते पेय कोविड बरा करते, असा ते बनविणाऱ्याचा दावा होता. मंत्र्यांनी ते जाहीरपणे प्राशन केले. त्यांपैकी आरोग्यमंत्र्यांनाच पुढील महिन्यात संसर्ग झाला. मध आणि जायफळ यांचा त्यात काही दोष नव्हता. परंतु त्यानंतर हसू झाले ते सर्वच देशी वैद्यकाचे, आणि अनेक वर्षे अभ्यास करून पदवी घेतलेल्या तेथील वैद्यांस ते सोसावे लागले. आपल्याकडेही त्या दोन वर्षांत काय काय विकले गेले, हे वाचक जाणतात.

शेवटचे तीन दिवस दक्षिण किनाऱ्यास द्यावेत. गाल्लचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभिला, १६४० नंतर डचांनी वाढविला. १९८८ पासून तो जागतिक वारशात आहे. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले, तटाआतील बहुतांशी वाचले. डच येथे आले ते दालचिनीसाठी. गाल्लच्या उत्तरेस अंबलंगोडच्या आतील भागात आजही साल सोलणारे कारागीर पाहता येतात. कोवळ्या फांदीची बाह्यत्वचा खरवडतात, पितळी दांड्याने घासून आतील साल सैल करतात आणि दोन चिरा देऊन ती अखंड उतरवितात. कागदासारखे पापुद्रे एकात एक गुंडाळून लांब नळी होते. ही खरी त्वक्. आपल्या बाजारात ‘दालचिनी’ म्हणून बहुधा मिळते ती जाड, एकपदरी, कठीण साल कॅसियाची. तीत कूमरिन हे यकृतास बाधक द्रव्य पुष्कळ असते. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २००६ मध्येच याविषयी सावध केले होते. सितोपलादि चूर्णात त्वक् एकतिसाव्या हिश्श्याने असली तरी बालकांस आपण ते महिनोन्‌महिने देतो. चूर्ण घरी करणाऱ्या वैद्यांनी येथून नमुन्यादाखल चार नळ्या आणाव्यात आणि आपल्या औषध-विक्रेत्यापुढे ठेवाव्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही खऱ्या दालचिनीची जात दिली आहे, तेव्हा पुढील खरेदीसाठी सिंहलद्वीपास जाण्याचेही कारण नाही.

गाल्लच्या पूर्वेस वेलिगम येथे रस्त्यालगत खडकात कोरलेली एक उंच मूर्ती आहे. लोक तिला ‘कुष्ठराज’ म्हणतात. परदेशातून आलेला त्वग्रोगी राजा येथे तीन महिने केवळ नारळावर राहून बरा झाला, अशी आख्यायिका. विद्वानांच्या मते ती मूर्ती बोधिसत्त्वाची आहे. मुकुटातील ध्यानस्थ बुद्धाच्या छोट्या आकृती पाहता ते पटते. गावकऱ्यांस ते सांगण्याच्या भरीस पडू नये. समोरच शहाळी मिळतात. विमानतळ द्रुतगती मार्गाने तेथून तीन तासांच्या आत गाठता येतो.