पाचची ट्रॅक्टरवाली नोट, ७८६ आणि ‘स्टार’ : तुमच्या कपाटातली जुनी नोट खरंच लाखाची आहे का?

नाशिक : ‘पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट द्या आणि लाखो रुपये घ्या’, ‘७८६ क्रमांकाची नोट असेल तर तुम्ही लखपती’... अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. ज्या शहरात देशाच्या नोटा छापल्या जातात, त्या नाशिकमध्येही अनेक घरांत अशी एखादी नोट जपून ठेवलेली असते. पण नोटेची किंमत नेमकी कशावर ठरते? जाणून घेऊया सोप्या भाषेत.

जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे

भारतासाठीच्या नोटा पूर्वी इंग्लंडमध्ये छापल्या जात. १९२८ मध्ये नाशिकरोडच्या छापखान्यात नोटांची छपाई सुरू झाली आणि हळूहळू हे काम देशातच होऊ लागले. आज नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी या चार ठिकाणी नोटा छापल्या जातात. छपाई कोटींच्या संख्येत होत असल्याने केवळ वय झाले म्हणून नोट दुर्मीळ ठरत नाही. ट्रॅक्टरवाली पाचची नोट याचेच उदाहरण. ती अनेक वर्षे चलनात होती, कोट्यवधी छापली गेली आणि आजही घरोघरी सापडते.

संग्राहकांच्या दृष्टीने प्रश्न ‘किती छापल्या’ एवढाच नसतो, ‘किती उरल्या’ हा असतो. अडीच रुपयांची नोट १९१८ मध्ये आली आणि १९२६ मध्ये बंद झाली. १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा जानेवारी १९७८ मध्ये रद्द झाल्या, तेव्हा लोकांनी त्या बँकेत भरल्या. त्यामुळे फार थोड्या बाहेर राहिल्या. याउलट २,००० ची नोट मे २०२३ मध्ये मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा आठवण म्हणून ती अनेकांनी ठेवून दिली. सगळेच जपतात ती वस्तू लवकर दुर्मीळ होत नाही.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांबाबत हेच घडले. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ ते १९११ च्या मालिकेतले कार्ड लवकर छापायचे थांबले. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मात्र कार्डे भरमसाट छापली गेली आणि लोकांनी ती गुंतवणूक म्हणून साठवली. त्यातल्या बहुतेकांना आज नगण्य किंमत मिळते.

चित्र एकच, सही वेगळी

एकाच रकमेच्या, एकाच चित्राच्या दोन नोटांच्या किमतीत मोठा फरक असू शकतो. त्यासाठी पुढील गोष्टी पाहतात :

- सही : गांधी जन्मशताब्दीच्या २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा १९६९ मध्ये आल्या. त्यावर गव्हर्नर एल. के. झा यांची सही आहे. त्यांच्यानंतर बी. एन. आदारकर मे-जून १९७० मध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या याच नोटांना संग्राहकांत जास्त मागणी असते.
- प्रिफिक्स : म्हणजे क्रमांकाआधीची अक्षरे. आखाती देशांत वापरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराच्या नोटा काढल्या. त्या देशांनी पुढे स्वतःचे चलन आणले आणि या नोटा वापरातून गेल्या. म्हणून त्या आज मौल्यवान आहेत.
- वर्ष आणि इनसेट अक्षर : २००५ पासून नोटेच्या मागे छपाईचे वर्ष असते. क्रमांकाच्या पट्टीत फिकट छापलेल्या अक्षरावरूनही संग्राहक सिरीज वेगळ्या करतात.

७८६ चे गणित

एका प्रिफिक्समध्ये साधारण १० लाख नोटा असतात. सहा अंकांत ७८६ हे आकडे सलग चार ठिकाणी येऊ शकतात. हिशेब केला तर प्रत्येक प्रिफिक्समध्ये अशा ३,९९९ नोटा निघतात, म्हणजे दर अडीचशे नोटांमागे एक! श्रद्धेपोटी कोणी थोडे जास्त पैसे देईलही, पण ती दुर्मीळ नाही. १११११११ नव्हे, तर १११११1 ते ९९९९९९ असे सहाही अंक सारखे असलेल्या नोटा मात्र प्रिफिक्समागे फक्त ९ असतात आणि १२३४५६ क्रमांकाची एकच.

क्रमांकात तारा असलेली ‘स्टार’ नोट २००६ पासून आली. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी ती बंडलात घातली जाते. ती नेहमीच्या नोटांपेक्षा कमी असते, म्हणून संग्राहक ती शोधतात. पण प्रत्येक स्टार नोट मौल्यवान नसते. ती इतर नोटांसारखीच वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

घडी पडली की भाव पडला

कोरी करकरीत नोट आणि घड्या पडलेली, कडा फाटलेली नोट यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. आपल्याकडे बँका बंडलांना पिना मारत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते थांबवायला सांगितले. त्यामुळे न वापरलेल्या जुन्या नोटांनाही बहुधा भोके असतात आणि बिनभोकाच्या नोटेला जास्त भाव मिळतो. नोट धुणे, इस्त्री करणे किंवा टेप लावणे यामुळे तिची किंमत घटते.

फसवणूक कशी होते?

‘तुमची नोट पाच लाखांना विकली गेली’ असे सांगून आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागितले जाते. कधी रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले बनावट पत्रही पाठवतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

घरात जुनी नोट असेल तर...

- ऑनलाइन मागितलेली किंमत पाहू नका. लिलावगृहांच्या निकालांत तशीच सही, तोच प्रिफिक्स आणि तशीच अवस्था असलेली नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा.
- एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी दाखवा.
- ओटीपी, बँक तपशील किंवा आगाऊ पैसे कोणालाही देऊ नका. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.
- २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा १० पेक्षा जास्त बाळगणे २०१७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अभ्यास आणि संग्रहासाठी ही मर्यादा २५ नोटांची आहे.

ट्रॅक्टरवाली पाचची नोट आजही वैध आहे. दुकानात तिचे पाच रुपये नक्की मिळतील. त्यापेक्षा जास्त कोणी देत असेल, तर आधी त्याच्याकडून पैसे हातात घ्या.